बारमाही: महाबळेश्वरचा उन्हाळी बंगला पावसात राहतो का?

जे ऐकून झाल्यावर वाचायला आलेत त्यांचं स्वागत, आणि जे लोकलमध्ये नेट जातं म्हणून थेट वाचायलाच आलेत त्यांचंही. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी एपिसोड आहे तसा आहे.

‘जुनं उन्हाळी कॉटेज बारमाही घर कसं करायचं’ असं यूट्यूबवर शोधलंत तर शेकडो व्हिडिओ मिळतात. कॅनडातलं तळ्याकाठचं लाकडी घर, रशियातला दाचा, फिनलंडमधली केबिन. सगळ्यांचा शत्रू एकच, थंडी. भिंतीत कापूस भरा, पाइप गोठू देऊ नका, खिडकीला दुहेरी काच लावा. मी यातले बरेच बघितले आणि माझ्या कामाचं त्यात काहीच नव्हतं. कारण आपल्याकडच्या उन्हाळी घराला थंडीचं भय नाही. डिसेंबरातलं महाबळेश्वर तर लोक पैसे मोजून बघायला जातात. आपल्या उन्हाळी घराचा शत्रू जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडून येतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत मुक्काम ठोकतो.

माझ्या कामाचं म्हणालो, ते काम आधी सांगतो. माझा मामा महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्याचा राखणदार आहे. त्याच्या आधी आजोबा होते. बंगला मुंबईतल्या एका कुटुंबाकडे आहे, त्यांचं नाव इथे नको. आता त्या घरातली तरुण पिढी वर्क फ्रॉम होम करते आणि त्यांना बंगला बारमाही राहण्यासारखा करून हवाय. आर्किटेक्टने ड्रॉइंग केलं, पीडीएफ मामाच्या व्हॉट्सॲपवर आली, मामाने ती माझ्याकडे पाठवली. ‘तू इंजिनिअर हायस, बघ काय म्हणत्यात.’ मी सॉफ्टवेअरवाला. पण ड्रॉइंग वाचता येतं. व्हरांड्याला काचा, भिंतींना नवीन प्लॅस्टर, आत फॉल्स सीलिंग, सगळं नीट. आणि मागच्या बाजूला, जिथे मामाच्या दोन खोल्या आहेत, तिथे एक चौकोन आणि त्यात दोन शब्द: जनरेटर, स्टोअर.

म्हणून मी या बंगल्यांचा इतिहास वाचायला बसलो. सापडलेली मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, शेवटासाठी राखून ठेवत नाही. महाबळेश्वरचा बंगला हे कधीच पूर्ण घर नव्हतं. ते वर्षातल्या थोड्या महिन्यांसाठी बांधलेलं अर्धं घर होतं. पावसाळी अर्धं कायम दुसरीकडे होतं, आणि एक नाही, तीन ठिकाणी.

सुरुवातीपासून बघू. १८२४ मध्ये पीटर लॉडविक नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी हा डोंगर चढून वर आला. लॉडविक पॉइंट त्याच्याच नावाचा. मग १८२७ ला सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने हे प्रकरण मनावर घेतलं. १८२८ पासून इथे आजारी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम आणि त्याभोवती वस्ती उभी राहायला लागली. १८२९ ला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा इंग्रजांनी घेतली आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव दिलं. वस्तीचं नाव पडलं माल्कमपेठ.

इथे ‘लॉडविकने महाबळेश्वर शोधलं’ हे वाक्य हमखास येतं, आणि मला ते दरवेळी खटकतं. क्षेत्र महाबळेश्वर तिथे शेकडो वर्षं होतंच की. पंचगंगेचं देऊळ यादवांच्या काळातलं मानतात, म्हणजे तेराव्या शतकातलं. देवळाच्या भोवती माणसं राहत होती, जंगलात धनगर होते, कोळी होते, लोखंड गाळणारे धावड होते. जुलैतही तिथेच. बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर आजही ते गाव आहे. एकदा भर पावसात जाऊन बघा. ठेंगणी घरं, पुढे आलेलं छप्पर, पावसाच्या बाजूला लहानशी खिडकी किंवा खिडकीच नाही. देऊळ तर अख्खं काळ्या दगडाचं. डोंगराने त्यांना काय शिकवलं होतं ते घरांकडे बघूनच कळतं.

माल्कमच्या लोकांनी मात्र अगदी उलटं घर बांधलं. त्यांना पाऊस नको होता, मुंबईच्या एप्रिल-मेपासून सुटका हवी होती. म्हणून उंच छत, जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्या, तिन्ही बाजूंनी उघडा व्हरांडा, वारा इकडून आत, तिकडून बाहेर. भिंती तिथल्याच जांभ्या दगडाच्या. स्वयंपाकघर मुख्य घरापासून लांब, कारण साहेबाला धूर नको. त्याच्याही मागे नोकरांच्या खोल्या. मे महिन्यात हे घर खरोखर सुंदर वागतं. मी दुपारी दोन वाजता पंख्याशिवाय त्या व्हरांड्यात झोपलोय, त्यामुळे याबद्दल तक्रार नाही.

पण जून लागला की हिशेब फिरतो. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात वर्षाला साडेसातशेच्या आसपास. म्हणजे पुण्याची सात-आठ वर्षं महाबळेश्वर चार महिन्यांत उरकतं. २०२१ च्या जुलैत, २२ तारखेच्या आसपास, तिथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याच्या वर्षातला बराचसा भाग, एका दिवसात. आणि हा पाऊस सरळ पडत नाही. दरीतून वारा वर येतो तेव्हा थेंब आडवे येतात, कधी कधी चक्क खालून वर येतात. ज्यांनी छत्री वापरून बघितलीय ते हसत असतील.

मग साहेब लोकांनी काय केलं? घर सुधारलं नाही. बंद केलं आणि निघून गेले.

मुंबई सरकारचं कॅलेंडरच तसं ठरलं होतं. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. नुसता गव्हर्नर नव्हे, कागदपत्रं, कारकून, सगळं लटांबर फिरायचं. आपण हायब्रिड मॉडेल म्हणून मिरवतो ते त्यांनी बैलगाड्यांवर चालवलं. पुण्यातल्या मुक्कामासाठी माल्कमनेच दापोडीला बंगला घेतला होता. नंतर १८६४ ला गणेशखिंडीत नव्या गव्हर्नमेंट हाउसचं काम सुरू झालं. हे गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. तुमच्यापैकी किती जणांनी तिच्यासमोर पदवीच्या झग्यात फोटो काढलाय? ती इमारत मुळात गव्हर्नरचं पावसाळी घर. महाबळेश्वरच्या अर्ध्या घराचा उरलेला अर्धा भाग, पहिला, हा असा एकशेवीस किलोमीटर लांब पडलाय.

माथेरानचं चित्रही असंच. १८५० ला ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर गेला, बंगले झाले, १९०७ ला आदमजी पीरभॉय कुटुंबाची छोटी गाडी धावू लागली. आणि आजही पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. रूळ काय, घर काय, दोन्ही उन्हाळी.

आता दुसरा अर्धा. हा माझा सगळ्यात आवडता, कारण हे इंजिनिअरिंगचं उत्तर आहे. १८५० नंतरच्या काळात जॉन चेसन नावाच्या माणसावर एक काम सोपवलं गेलं. ब्रिटिशांना निवृत्तीनंतर बारा महिने राहता येईल अशी जागा शोधायची. त्याने रुस्तमजी दुबाश यांना बरोबर घेऊन या डोंगरांची पाहणी केली आणि दांडेघर, गोडवली, आमराळ, खिंगर, तायघाट या पाच गावांमधली जागा निवडली. पाचगणी. महाबळेश्वरपासून रस्त्याने जेमतेम एकोणीस किलोमीटर, उंचीतही फार फरक नाही. पण पाऊस? एक तृतीयांशाच्या आत. ढग महाबळेश्वरच्या कड्यावर रिकामे होतात आणि पाचगणीला पोचेपर्यंत हलके झालेले असतात. आणखी बारा किलोमीटर खाली वाईला या, अजून कमी. हे सगळं एका तासाच्या एसटी प्रवासात.

मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. घर बदलण्यापेक्षा त्यांनी घराची जागा बदलली. आणि मग पाचगणीत काय काय झालं बघा. चेसनने सिल्व्हर ओक लावले, ते आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. निवासी शाळा आल्या, कारण शाळा काही मे महिन्यापुरती चालवता येत नाही. पुढे क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी झालेला फारुख बुलसारा झांझिबारहून इथे सेंट पीटर्समध्ये शिकायला आला तो १९५० च्या दशकात. त्याचा पहिला बँड, द हेक्टिक्स, इथलाच. १९१२ मध्ये डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर हे क्षयरोग्यांसाठीचं आरोग्यधाम सुरू केलं. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा क्षयाचा इलाज म्हणजे महिनोन्‌महिने स्वच्छ, कोरडी हवा. तो रुग्ण काय जूनमध्ये ‘सीझन संपला’ म्हणून घरी पाठवणार?

गांधीजींचा मुक्कामही हाच फरक दाखवतो. आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर १९४४ च्या जुलैत ते विश्रांतीसाठी पाचगणीला होते. भर जुलै. पुढच्या वर्षी, १९४५ चा एप्रिल-मे त्यांनी महाबळेश्वरला काढला. आणि जूनच्या मध्यावर व्हाइसरॉय वेव्हेलने सिमला परिषदेची घोषणा केली तेव्हा ते कुठे होते? पाचगणीला. उन्हाळा महाबळेश्वरला आणि पावसाची चाहूल लागताच पाचगणीला. जो शहाणा मुक्काम सगळे करायचे तोच त्यांनीही केला.

आता तिसरा अर्धा. हो, तीन अर्धे होतात, गणिताच्या बाई माफ करा. हा बंगल्याच्या मागे, वीस पावलांवर आहे.

साहेब पुण्याला गेला, कारकून गेले, पेठ ओस पडली, तरी घर जागेवरच असतं. त्याला चार महिने सांभाळायला कोणीतरी लागतं. सुरुवातीच्या काळात इथे बारा महिने राहणाऱ्यांत चिनी आणि मलायी कैदी होते. ब्रिटिशांनी त्यांना समुद्रापलीकडून शिक्षा भोगायला इथे आणलं होतं. रस्त्यांवर त्यांनी राबायचं, बागा करायच्या. इथे बटाटा आणि विलायती भाजी रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला, पण सुटल्यावरही काही जण इथेच राहून बागकाम करत होते. साहेबाच्या जेवणातली कोबी-बटाट्याची भाजी पिकवणारा माणूस जुलैमध्ये कुठे झोपत होता, हे कुठल्या गाइडबुकात नाही.

त्यांच्यानंतर माळी, राखणदार, त्यांची कुटुंबं. बहुतेक आसपासच्या गावांतली. आणि त्यांच्याकडे एक तंत्र होतं, ते अजून आहे: झडी.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाबळेश्वरच्या डोंगरात एक लांब, कडक गवत उगवतं. ते कापून वाळवून ठेवायचं. मे महिन्यात काठ्या-बांबूंच्या चौकटींवर त्याचे थर बांधायचे, खालून वर, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी निथळून जातं. मग या चौकटी घराच्या भिंतींना बाहेरून बांधायच्या. पश्चिमेची बाजू आधी, ती सर्वांत जाड. व्हरांडा, खिडक्या, दारं, सगळं झाकून टाकायचं. बंगला बाहेरून गवताच्या गंजीसारखा दिसतो. ऑक्टोबर आला की सोडायच्या.

मला आधी वाटायचं हा गरिबीचा उपाय आहे. पैसे असते तर पत्रा लावला असता, आणि आता लोक पत्रा आणि निळं प्लॅस्टिक लावतातच. पण भिंतीचं काम समजून घेतल्यावर कौतुक वाटलं. जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्याची अटच अशी की प्यायलेलं पाणी परत बाहेर जायला वाट हवी. जुन्या भिंतींना चुन्याचा गिलावा असायचा, त्यातून ओल बाहेर पडू शकते. झडी काय करते? पावसाचा मार अंगावर घेते, पण गवत असल्यामुळे आणि भिंतीला चिकटून नसल्यामुळे मधून हवा खेळती राहते. भिंत भिजतही नाही आणि घुसमटतही नाही. आजच्या महागड्या इमारतींना बाहेरून जे दुसरं आवरण लावतात, मध्ये हवेची फट ठेवून, त्याला आर्किटेक्ट रेनस्क्रीन म्हणतात. आमच्या आजोबांनी त्याचं बिल कधी लावलं नाही.

आणि आता तेच ड्रॉइंग परत उघडा. भिंतींना सिमेंट प्लॅस्टर. सिमेंटला बारीक तडे जातात, त्यातून पाणी आत जातं, पण बाहेर येऊ शकत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत प्लॅस्टर फुगतं आणि पापुद्रे सुटतात. व्हरांड्याला काचा. म्हणजे जो भाग मुळात पाऊस अडवायला, भिजायला ठेवला होता तोच आता बैठकीची खोली. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग. पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम फुटतो, तो आता सीलिंगवर टपकणार, आणि वासा कुजला तरी दिसणार नाही. यातली एकही गोष्ट मूर्खपणाची नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हेच केलं तर उत्तम होईल. पण हे ड्रॉइंग एप्रिलमध्ये घर बघून केलेलं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर डेमोच्या डेटावर टेस्टिंग पास झालं आणि थेट लाइव्ह गेलं.

मामाच्या खोल्यांचं काय? त्या मूळ ब्रिटिश ड्रॉइंगमध्ये पाहुण्यांच्या नजरेआड ठेवलेल्या. बुटक्या, अंधाऱ्या, एकच लहान खिडकी, तीही पूर्वेला. छप्पर इतकं खाली उतरलेलं की मला वाकावं लागतं. आत बारा महिने चूल. मामीकडे गॅस आहे, पण जून ते सप्टेंबर चूल विझत नाही. त्या धगीने भिंत सुकते, वासे सुकतात, धुराने त्यांना कीड लागत नाही. चुलीवरच्या माळ्यावर सरपण, मिरच्या, सुकट, बियाणं, आणि एका डब्यात रेशनकार्ड, मतदान ओळखपत्रं, माझ्या मामेबहिणीच्या मार्कशीटी. अख्ख्या आवारात ऑगस्टमध्ये कोरडी राहणारी ती एकच जागा. बंगल्यातल्या कपाटात ठेवलेल्या कोटाला मात्र हिरवी बुरशी चढते.

धूर डोळ्यांत जातो, मामीला खोकला आहे, हेही खरं. मला त्या खोल्यांचं गोडवं गाणारं रील बनवायचं नाही. त्यांना चांगली चिमणी आणि मोठी खिडकी हवी आहे, ती चाळीस वर्षांपूर्वीच हवी होती. पण ज्या घरात कोणी बारा महिने राहून दाखवलंय ते या आवारात एकच घर आहे, आणि ड्रॉइंगमध्ये नेमकं त्याच्यावर जनरेटर बसवलाय.

मामाला मी विचारलं, बंगल्यात पावसाचं राहता येईल असं तुला वाटतं का? तो म्हणाला, ‘आरं, ते घर पावसाळ्यात हितं नसतंच. शेठबरुबर ते बी मुंबईला जातंय.’

स्वातंत्र्यानंतर बंगल्यांचं काय झालं तेही थोडक्यात. काही मुंबईच्या पारशी, गुजराती, मारवाडी कुटुंबांकडे आधीपासूनच होते. बऱ्याच बंगल्यांची हॉटेलं झाली, आणि हॉटेलंही कित्येक वर्षं पावसाळ्यात बंदच असायची. मग रस्ते सुधारले, मुंबई-पुण्याच्या लोकांना ‘मॉन्सून गेटअवे’ नावाची गोष्ट सापडली, आणि आता ऑगस्टच्या शनिवारी वेण्णा तलावाजवळ ट्रॅफिक जॅम लागतो. पण दोन रात्री धुक्यात राहणं वेगळं आणि राहतं घर वेगळं. हॉटेलवाला दर ऑक्टोबरला रंग काढतो आणि तो खर्च तुमच्या बिलात असतो. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, त्यामुळे नवीन बांधकाम आणि झाडतोडीवर बंधनं आहेत. अनेक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. म्हणजे नवं बांधण्यापेक्षा आहे तेच बदलायचं, हा ओढा आता आणखी वाढणार. आणि आहे त्या बांधकामात बदलायला सर्वांत सोपी वाटणारी गोष्ट कुठली? मागच्या खोल्या. पट्ट्यावर मालकाचं नाव असतं. मागच्या खोल्यांत तीन पिढ्या राहिल्या तरी त्या माणसांचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. मामाकडे तिथे राहत असल्याचा पुरावा म्हणजे तेच चुलीवरचं रेशनकार्ड.

मालकांबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांनी मामाला काढायचं असं कुठेही म्हटलेलं नाही. फोनवर त्यांचा मुलगा म्हणाला, ‘काकांसाठी गावात एखादी खोली बघू ना, भाडं आम्ही देऊ.’ माणूस चांगला आहे. फक्त जुलैतल्या रात्री अडीच वाजता सिल्व्हर ओकची फांदी पत्र्यावर पडते तेव्हा गावातल्या खोलीतून कोण येणार, हा प्रश्न त्याला पडलेला नाही. कारण ती रात्र त्याच्या घराण्यात कोणी बघितलेलीच नाही.

मी एवढंच केलं की सगळं दोन पानांत लिहून काढलं आणि एक मागणी टाकली: ड्रॉइंग पक्कं करायच्या आधी आर्किटेक्टने एकदा जुलैत येऊन राहावं. मामाने ती पानं स्वतःच्या फोनवरून पाठवली. मला वाटलं दुर्लक्ष होईल. पण आर्किटेक्ट मॅडम खरंच आल्या, दोन रात्रींसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओल मोजायचं यंत्र काढलं. बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर काटा पार टोकाला. मग मामीने चहाला बोलावलं, तर चुलीमागच्या भिंतीवर लावून बघितला. तिथे निम्म्याच्याही खाली. त्या तिथेच खाली बसल्या आणि मामाला झडी कशी बांधतात ते विचारायला लागल्या. मामाने काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवलं. दीड तास. माझी मामेबहीण ते सगळं शूट करत होती, मला क्लिप आलीय.

नवीन ड्रॉइंग गेल्या आठवड्यात आलं. सिमेंटच्या जागी चुना आहे. व्हरांड्याच्या काचा गेल्यात, तिथे पावसाळ्यात बांधायच्या आणि दिवाळीआधी सोडायच्या चौकटी आहेत. पावसाळ्यात राहायचा भाग आता अख्खा बंगला नाही, पूर्वेकडच्या दोन खोल्या आणि त्यांच्यामध्ये एक मोठी शेगडी, एवढाच. बाकीचं घर जूनला बंद. जनरेटर गॅरेजमागे गेलाय. मागच्या चौकोनात आता ‘स्टाफ क्वार्टर, दुरुस्ती’ असं लिहिलंय. पट्ट्याच्या कागदात काही बदल नाही. राहण्याबद्दल एखादं लेखी पत्र द्या, असं मामाने पहिल्यांदाच मागितलंय. त्याला अजून उत्तर आलेलं नाही. आलं की सांगेन.

तुमच्यापैकी कोणाच्या घरचं कुणी महाबळेश्वर, माथेरान, पाचगणी, तोरणमाळ, कुठेही डोंगरावर पावसाळाभर राहिलं असेल, राखणदार, माळी, शिक्षक, पोस्टमन, हमाल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. दोन गोष्टी नक्की सांगा: मे महिन्यात किती सरपण भरायचे, आणि कागदपत्रं घरात कुठे ठेवायचे. पुढचा एपिसोड त्यावरच करायचा विचार आहे. झडीची क्लिप मामेबहिणीच्या परवानगीने चॅनलवर टाकतोय. आवाज जरा कमी येतो, कारण मागे पाऊस आहे.